तिसऱ्या कडव्यापर्यंत पाळणा

पाटण,
८ डिसेंबर २०२४

प्रिय जरू,

पत्र उघडलंस ना, आता आधी खाली बस. आपल्या शिफाचं लग्न ठरलं. मुलगा कराडचा, घरचं टायरचं दुकान, स्वभावानं गरीब आणि डोक्यावर केस भरपूर. सोळा फेब्रुवारीला निकाह आहे. रमजानच्या आत उरकायचं म्हणून सगळी घाई चाललीय.

फोन का केला नाही म्हणून रुसू नकोस. आमचे फौजी तोफखान्यात कान देऊन घरी आले, तेव्हापासून या घरात फोन स्पीकरवर असतो आणि आवाज पूर्ण वर असतो. परवा माझ्या बहिणीनं तिच्या सुनेचं गाऱ्हाणं सांगितलं, ते एस.टी. स्टँडवरच्या लोकांनीही ऐकलं. शेजारच्या भिंतीला लागून तुझ्या भाईचा गाद्यांचा कारखाना. म्हणून हे पत्र. शाळेत वहीचं पान फाडून लिहायचो तसंच समज.

आता खरं सांगते. लेकीच्या रुखवताची गादी भाई स्वतः भरत बसले होते. मी ऊस तोडायला माणसं मिळेनात वगैरे इकडचं तिकडचं बोलले आणि मग हळूच विचारलं, "भाई, लग्नाला जरूला सांगणार न्हवं?" त्यांनी कापसातून हातही वर काढला नाही. म्हणाले, "वैनी, त्या पोरीला मी एकदा जत्रंत हरवली. ती अजून घावली न्हाई."

तुझं फिरत्या मेळ्यात गाणं म्हणजे त्यांना अजून तीच जत्रा वाटते. तू सहा वर्षांची, ते बारा वर्षांचे, जादूवाल्याकडे बघताना तुझा हात सुटला आणि तू सापडलीस ती माइकवाल्याच्या मांडीवर, माइकमध्ये गात. मार मात्र त्यांनी खाल्ला. शिफा रांगत होती तेव्हा तू मेळ्याबरोबर निघून गेलीस, त्याचाही मार आपणच खाल्ला असं त्यांना वाटत असावं.

शिफा म्हणते, फुफी, म्हणजे तू, आली नाही तर मी हळद लावून घेणार नाही. पोरगी तुझ्यासारखीच हट्टी आहे. काहीतरी कर बाई.

तुझी,
अंजना

ता. क. तुमच्या मेळ्यात सिनेमावाले आलेत असं कराडच्या कंडक्टरनं सांगितलं. खरं का?


सांगली,
१७ डिसेंबर २०२४

प्रिय अंजे,

पत्र वाचून मी तंबूत जे रडायला बसले, ते आमच्या आसिफला वाटलं मला विंचू चावला. आसिफ म्हणजे आमचा आकाश पाळणा चालवणारा. तो चप्पल घेऊन विंचू शोधत राहिला आणि मी शिफाच्या आनंदानं रडत राहिले. रांगताना तिनं माझी तबल्याची पावडर खाल्ली होती, ती पोरगी सासरी निघाली.

मला लग्नाला यायचं आहे, अंजे. स्टेजवर नको, फोटोत नको. स्वयंपाकाच्या मांडवात कांदा चिरायला बसवा, तरी चालेल. पण भाईच्या तोंडून बोलावणं आल्याशिवाय मी त्या गल्लीत पाय ठेवणार नाही. हट्ट एकट्या शिफाचाच नाही.

सिनेमाचं खरं आहे. वीरधवल म्हणून दिग्दर्शक आहे, पुण्याचा. पोरगा गोड आहे, थंडीतसुद्धा घाम पुसत बोलतो. त्याचा गाण्यांचा सिनेमा आहे आणि गोष्ट आहे गावोगाव फिरणाऱ्या मेळ्यातल्या गाणारीची. हिरॉइन मुंबईची आहे. ती तीन दिवस माझ्या माइकच्या मचाणाखाली बसून मी पान कसं खाते ते शिकत होती. मी पान खात नाही हे सांगायचं राहून गेलं.

आता मुख्य. त्या सिनेमातलं सगळ्यात मोठं गाणं मी गावं असं वीरधवल म्हणतो. हिरॉइन ओठ हलवणार, आवाज माझा. "पाळणा माझा गेला वरती, गाव दिसेना खाली गं," अशी सुरुवात आहे. तीन कडवी आहेत. पहिल्यात मेळ्याची मजा, दुसऱ्यात घरची आठवण आणि तिसऱ्यात मेळा उठतो, दिवे मालवतात आणि ती कुणी न्यायला येतंय का म्हणून वाट बघते. सगळा सिनेमा त्या तिसऱ्या कडव्यात आहे असं तो म्हणतो.

भाईला यातलं काही सांगू नकोस. आधी होऊ दे.

तुझी,
जरिना


पाटण,
२६ डिसेंबर २०२४

प्रिय जरू,

सांगितलं.

म्हणजे मी सांगणार नव्हते. पण दळण आणायला गेले तिथे विषय निघाला, मग किराणा दुकानात निघाला, आणि भाईच्या कारखान्यात तर मी नुसतं उशीचं माप द्यायला गेले होते. त्यांनी पिंजायचं यंत्र बंद केलं. ते यंत्र ते नमाजाशिवाय बंद करत नाहीत हे तुला माहीत आहे.

"सिनेमात? म्हंजी पडद्यावर?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हटलं. "सबंध महाराष्ट्रात ऐकू जाणार."

दाढी खाजवत म्हणाले, "सिनेमात गायाचं निराळं. तितं तिकीट काडून लोक गप बसून आयकत्यात. मेळ्यात तिकीट पाळण्याचं असतंय, गाणं फुकट."

बघ, तुझ्या भाईचा राग गाण्यावर नाहीच. गाणं फुकटात जातं यावर आहे. गादीवाल्याचं डोकं. जाताना म्हणाले, "खरंच गाती का ते डोळ्यानं बगीन, मग लग्नाचं बगू."

तू आता फक्त गा. बाकी माझ्यावर सोड.

अंजना

ता. क. पाटणमध्ये तू हिरॉइन आहेस अशी बोलवा आहे. मी तसं म्हटलेलं नाही. मी फक्त नाही म्हटलं नाही.


सांगली,
९ जानेवारी २०२५

प्रिय अंजे,

कोल्हापूरच्या स्टुडिओत जाऊन आले. खोली छान थंड होती. कानाला डबे लावतात. चहा चांगला मिळाला. पहिलं कडवं ऐकून वीरधवलनं डोळे पुसले. बाकी सगळं ठीक.

इथे सव्वीस तारखेला मेळ्यात शूटिंग आहे. फार गर्दी, फार धूळ, बसायला जागा नाही. कुणी येण्यात अर्थ नाही. भाईला तर धुळीचा त्रास आहेच. तू त्यांना सांग की सिनेमा लागला की एकदमच बघा.

शिफाला माझे मुके. हळद लावून घे म्हणावं.

जरिना


पाटण,
१७ जानेवारी २०२५

प्रिय जरू,

किती गं तू लाजतेस. सगळं ठीक म्हणे. दिग्दर्शक रडला आणि बाईसाहेब चहाचं कौतुक करतात. मोठ्या गाणाऱ्या अशाच असतात असं मी फौजींना म्हटलं. ते म्हणाले, "कोन आजारी हाय?"

आणि धुळीचं काय सांगतेस, जन्मभर कापूस पिंजणाऱ्या माणसाला? सव्वीसला रविवार आहे, झेंडावंदन उरकलं की फौजी आणि भाई जीपनं निघतील. मीही येणार होते, पण म्हैस त्याच सुमाराला विणार आहे आणि ती माझ्याशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाही. भाईंनी लग्नासाठी शिवलेला करडा कोट आताच घालून बघितला. वर पांढरी टोपी. इतकी वर्षं मेळा कराडला लागला की हा माणूस कराडला कापूस आणायलाही जात नव्हता. तो आता नवा कोट घालून मेळ्यात येतोय.

तू त्यांना समोर बसव आणि गाऊन दाखव. बस.

अंजना


सांगली,
२२ जानेवारी २०२५

अंजे,

त्यांना पाठवू नकोस. पाया पडते.

मी खोटं लिहिलं. गाणं माझ्या हातून गेलं. हे कसं झालं ते तुला सांगायची लाज वाटते, पण ऐक. आमच्या मेळ्याची एक रीत आहे. मी मचाणावरून मुखडा आणि एक कडवं गाते, तेवढीच पाळण्याची एक पाळी. गाणं थांबलं की आसिफ दांडा ओढतो आणि पाळणा थांबवतो. मग मी म्हणते, "उतरा उतरा, सावकाश, लहान मुलांचा हात धरा. पुढच्या पाळीचं तिकीट काढा." मध्ये कुणाचं पोर हरवलं तर त्याची वर्दी द्यायची. मेळ्यात आल्यापासून मी कुठल्याच गाण्याचं दुसरं कडवं गायलेलं नाही. गायला मिळालंच नाही.

स्टुडिओत पहिलं कडवं सुंदर झालं. दुसऱ्यासाठी तोंड उघडलं आणि आतून आलं, "उतरा उतरा, सावकाश." पहिल्यांदा सगळे हसले. वीरधवलला तर ते इतकं आवडलं की त्यानं ठेवूनच दिलं. पण मग पुन्हा तेच आणि परत तेच. हसणं कमी कमी होत गेलं. शेवटी त्यांनी आसिफला बोलावून समोर उभा केला, पाळणा थांबत नाहीये असं मला वाटावं म्हणून. माझं कडवं संपताच आसिफचा हातही सवयीनं वर गेला. जे बटण सापडलं ते त्यानं दाबलं आणि स्टुडिओभर अंधार झाला.

आता ते गाणं मुंबईची कुणी गाणारी गायली आहे. सव्वीसला तिचाच आवाज लावतील आणि हिरॉइन ओठ हलवेल. वीरधवल माझे हात धरून माफी मागत होता. त्याचा काही दोष नाही.

मी त्या दिवशी मचाणावर नेहमीसारखी तिकीट काढा, तिकीट काढा ओरडत असेन. भाईनं तेच बघायला यायचं का, नवा कोट घालून? मग लग्नाचं सोडच.

जीप पंक्चर कर, म्हैस अडली म्हण, काहीही कर.

जरू


पाटण,
२८ जानेवारी २०२५

जरू,

तुझं पत्र काल सोमवारी आलं. ते दोघं रविवारीच जाऊन आले होते. माझी काय अवस्था झाली असेल विचार कर. म्हशीला रेडी झाली हेसुद्धा कुणाला सांगावंसं वाटेना.

तिथे काय झालं ते मला कुणी सांगत नाही. गेलेला साक्षीदार एक, तो बहिरा. मी विचारलं, "जरू गायली का?" तर फौजी म्हणतात, "लय भारी पाळणा हुता. वरनं पार किष्नामाईचं पात्र दिसतं." मी विचारलं, "भाई काय म्हणाले?" तर म्हणे, "भाई बारा वेळा अल्ला म्हनलं, तवडं कळलं." मी म्हटलं, "म्हणजे चिडले का?" त्यावर म्हणे, "भडंग आणल्यात, खा."

घरी आल्यापासून भाईंनी कारखान्यात उत्तम कापूस काढलाय, तो निवडक, जो ते विकत नाहीत. रजई भरतायत. शिफाच्या रजया केव्हाच झाल्या. ही कुणाची विचारलं तर यंत्र चालू करतात.

माझा जीव टांगणीला लागलाय. सगळं लिही. काही गाळू नकोस. मी केलेल्या गोंधळाबद्दल शिव्या घालायच्या असतील तर त्या शेवटी घाल.

अंजना


सांगली,
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय अंजे,

शिव्या नाहीत. तू बोलघेवडी नसतीस तर यातलं काही झालं नसतं, हे मी कबूल करते आणि परत कधी करणार नाही.

रविवारी दुपारपासून शूटिंगवाल्यांचे दिवे लागत होते. दिवा लागे, विझे, परत लागे. आमचे मालक वैतागले. रविवारची गर्दी बाहेर उभी आणि पाळणा रिकामा. ते वीरधवलला म्हणाले, तुमचे दिवे जमेपर्यंत आम्ही आमच्या दोन पाळ्या काढतो. मी माइक घेतला आणि ओरडले, "चला चला, तिकीट काढा."

समोर बघते तर भाई.

करडा कोट, पांढरी टोपी. पाळण्याच्या झुल्यात बसलेले, शेजारी तुझे फौजी. नंतर कळलं की वरून शूटिंग चांगलं दिसेल म्हणून फौजींनीच त्यांना ओढून बसवलं. मला माइकवर ओरडताना भाईंनी बघितलं. पडदा नाही, हिरॉइन नाही, तेच मचाण आणि तीच मी. त्यांचा चेहरा उतरला. उठायला गेले, पण आसिफनं आडवा दांडा लावून टाकला होता. "मला उतरू द्या," ते ओरडले. फौजी म्हणाले, "व्हय व्हय, लय उंच हाय," आणि पाळणा सुरू झाला.

मी गायला लागले. सवयीनं आवाज लागला. वीरधवलचंच गाणं घेतलं, कारण त्या दिवसांत डोक्यात दुसरं काही नव्हतं. पांढरी टोपी वर जायची, खाली यायची. माझ्या समोर आली की भाई मान फिरवायचे. पहिलं कडवं संपत आलं. आसिफचा हात दांड्याकडे गेला.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं, अंजे. मी थांबले की पाळणा थांबणार. पाळणा थांबला की भाई उतरणार आणि सरळ जीपमध्ये जाऊन बसणार. गात राहिले तर त्यांना जाताच येणार नाही.

मी दुसरं कडवं धरलं.

आसिफनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी मचाणावरून उडी मारली. हात दांड्यावर तसाच राहिला, ओढला मात्र नाही. बाई गाते तोवर पाळणा फिरतो, त्याला एवढंच माहीत आहे. लोकांना आधी मजा वाटली. मग एकेकाचा रंग बदलायला लागला. एक बाई वरून ओरडली, "आवं थांबवा की, पोरानं वडापाव खाल्लाय." मालक खालून दोन्ही हातांनी खुणा करत होते. मी डोळे मिटून घेतले.

दुसरं कडवं घरचं आहे. चुलीपुढची जागा, भिंतीपलीकडून येणारा आवाज. मला तुमच्या गल्लीतलं पिंजण ऐकू यायला लागलं. लहानपणी त्याच आवाजावर मी झोपायची. डोळे उघडले तर टोपी समोरून जात होती आणि या वेळी मान फिरलेली नव्हती.

तिसरं मी कसं गायले ते मला सांगता येणार नाही. "तिकीट सरलं, दिवे मालवले, न्यायला कोण येतंय गं," इथे आवाज फुटला. मी तो तसाच जाऊ दिला. "उतरा उतरा" आलं नाही. गाणं संपल्यावरही आलं नाही, कारण मी रडत होते. वर्दी शेवटी आसिफनंच दिली.

वीरधवल धावत आला. दिवे केव्हाच जमले होते आणि त्यानं कॅमेरा चालू ठेवला होता. आता मुंबईच्या गाणारीचं गाणं काढून हेच ठेवणार म्हणतो, फुटलेल्या आवाजासकट आणि वडापावाच्या बाईसकट. तो बोलत होता, पण माझं लक्ष झुल्यांकडे. झुले रिकामे झाले. फौजी उतरून आसिफशी हात मिळवत होते. भाई नव्हते. गर्दीत कुठेच नव्हते.

गेले, म्हटलं. गाणं झालं पण माणूस गेला. मग हात आपोआप माइककडे गेला. हरवलेल्या पोराची वर्दी मी इतक्या वेळा दिली आहे की ती द्यायला डोकं लागत नाही. मी म्हटलं, "इकडे लक्ष द्या. पाटणचे अल्लाबक्ष गादीवाले, अंगात करडा कोट, डोक्यावर पांढरी टोपी, हे मेळ्यात हरवले आहेत. ते जिथे असतील तिथून त्यांनी माइकच्या मचाणाजवळ यावं. घाबरू नये. त्यांची बहीण इथे त्यांची वाट बघत आहे."

सगळा मेळा मचाणाकडे वळून बघायला लागला. एरवी आम्ही पाच वर्षांच्या आतल्यांची वर्दी देतो.

मी आणखी एकदा म्हटलं. मग भडंगवाल्याच्या गाड्यामागून टोपी दिसली. भाई आले. हातात भडंगाचा पुडा, डोळे लाल. मचाणाखाली उभे राहिले आणि वर न बघता म्हणाले, "हरवलो न्हवतो. पोटात ढवळत हुतं, मनून जरा आडोशाला गेलतो."

"मग डोळे?" मी विचारलं.

"भडंग तिखट हाय," ते म्हणाले.

मी खाली उतरले. आम्ही दोघांनी मचाणाच्या पायरीवर बसून ते भडंग खाल्लं. ते अजिबात तिखट नव्हतं. पुडा अर्धा झाल्यावर त्यांनी विचारलं, "पाळणा येवडा येळ का फिरला गं? मी मेलो आसतो वर." मी त्यांना पाळीची रीत सांगितली. मी थांबले असते तर तुम्ही निघून गेला असता, तेही सांगितलं. ते पुड्यातले शेंगदाणे वेचून माझ्या हातावर ठेवत राहिले. लहानपणी असेच ठेवायचे. मग म्हणाले, "जत्रंत तुला शोधताना मी सगळ्या पाळण्यांखाली बगितलं हुतं. माइककडं बगाय पायजे हुतं," आणि उठून जीपकडे गेले.

लग्नाचं ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

तुझी,
जरू


पाटण,
६ फेब्रुवारी २०२५

चि. जरिनास अल्लाबक्षकडून दुवा.

सोबत आसिफच्या नावानं पार्सल पाठवलं आहे, त्यात रजई आहे. तंबूत गार लागत असेल. कापूस चांगला आहे, दरवर्षी उन्हात घालावी. आसिफला म्हणावं, आडवा दांडा जरा सैल लाव, माझ्या पोटाला वळ उठलाय.

सोळा तारखेला शिफाचा निकाह आहे. तू चौदालाच ये. कांदा चिरायला बाया सांगितल्या आहेत, तुला ते काम नाही. अंजनावैनींना मी काही सांगितलेलं नाही, तरी त्या बातमी गल्लीभर करून आल्या आहेत.

एक काम आहे. पोरीला निरोप देताना तू गायचं. नवरदेवाकडच्यांना मी स्पष्ट सांगून ठेवलं आहे की आमच्यात बाई गाते तोवर कुणी उठत नाही. आमची अशी रीत आहे म्हणालो. त्यांनी मान्य केलं.

तेव्हा भरपूर कडव्यांचं गाणं निवडून आण.

तुझा भाई